तळमजल्यावरची मंडळी

कोरीडोरास, किंवा नुसते कोरी, म्हणजे टाकीच्या तळाशी राहणारे छोटे मिशाळ मासे. ते नीट पाहायचे असतील तर खुर्चीवर बसून चालत नाही. खुर्चीवर बसलं की डोळे टाकीच्या मध्यावर येतात आणि तिथे टेट्रा या लहान माशांची ये-जा चालू असते. रंगीत, चकचकीत, नजर धरून ठेवणारी. कोरींसाठी जमिनीवर यावं लागतं. मांडी घालून बसलं तरी जरा उंचच होतं. मग कोपर टेकून, मान वाकडी करून, गाल स्टँडच्या फळीला जवळजवळ लागेल इतकं खाली जायचं. तेव्हा कुठे वाळूची रेघ डोळ्यांसमोर येते आणि त्या रेघेवर कोणीतरी मिशा फिरवत बसलेलं दिसतं.

एवढं साधं कळायला मला वर्ष-सव्वा वर्ष लागलं. ते वर्ष ज्यांच्या जिवावर गेलं त्या तिघांबद्दल आधी सांगतो.

टाकी नवी होती. मधल्या थरात मासे फिरत होते, वरही दोन-चार होते, तळ मात्र ओकाबोका दिसायचा. "खाली हे तीन टाका. उरलंसुरलं खातात, तळ साफ ठेवतात," असं मासे विकणाऱ्याने सांगितलं आणि मी टाकले. ब्राँझ कोरी, तीन नग. त्याला एकट्याला दोष देऊन उपयोग नाही. हे मासे सगळीकडे असेच खपतात, सफाई कामगार म्हणून. माझ्या तळाला तेव्हा निळे-पांढरे खडे होते, फोडून केलेले, कडा टोकदार. वरच्या माशांना टाकलेल्या खाण्यातलं जे खाली पडे ते खड्यांच्या फटीत जाऊन बसे. तिघे बिचारे त्या फटींवरून दिवसभर तोंड घासत फिरायचे आणि मला वाटायचं, काय कष्टाळू मासे आहेत! त्यांना वेगळं खायला घालावं हे डोक्यातच आलं नाही. झाडू मारायला ठेवलेल्याला जेवायचं काय, हे न विचारणारी माणसं असतात ना, तसा मी.

मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. माशाचं चित्र काढायला म्हणून तिने कुठलंसं पुस्तक उघडलं होतं. टाकीपाशी गेली, पुस्तकात बघितलं, परत टाकीत बघितलं.

"बाबा, ह्याला एवढ्या मिशा आहेत. आपल्यांना का नाहीत?"

"असतील गं, बारीक असतात."

"नाहीयेत. तू खाली बसून बघ."

बसलो. नव्हत्या. एकाच्या तोंडाभोवती दोन-तीन आखूड खुंट राहिले होते, दुसऱ्याला तेवढेही नाहीत, आणि तिसऱ्याच्या वरच्या ओठाची कड पांढुरकी पडून सुजली होती. तो तिसरा पुढे पंधरा दिवस जगला.

कोरीच्या मिशा म्हणजे त्याची जीभ आणि बोटं एकत्र. मिशीवर चव कळणाऱ्या पेशी असतात. गढूळ पाण्यात, काळोखात, पालापाचोळ्याखाली अळी कुठे दडली आहे ते तो मिशीनेच ओळखतो. मिशा झिजतात त्या खड्यांच्या धारेमुळे, असं पहिल्यांदा वाचलं आणि सगळा राग खड्यांवर काढला. मग कळलं की धार हा अर्धाच गुन्हा. फटीत अडकून कुजणारं अन्न, त्यावर वाढणारे जिवाणू आणि त्याच घाणीत दिवसभर खुपसलेलं तोंड, यानेच जास्त नुकसान होतं. गुळगुळीत गोटे असते आणि तळ इतकाच घाण असता, तरी मिशा गेल्याच असत्या. म्हणजे तळ साफ ठेवायला आणलेल्या माशांचे हाल तळ घाण ठेवल्याने झाले होते. उरलंसुरलं अन्न ते खातात, हे खरं. विष्ठा खात नाहीत, शेवाळ्याकडे ढुंकून बघत नाहीत, आणि आपली स्वतःची घाण तेवढी भर म्हणून टाकतात. टाकीत मासा वाढला की घाण वाढते. एवढा हिशोब करायला काही मत्स्यशास्त्र लागत नाही.

खडे काढून वाळू घातली. वाळू धुणं हे काम ज्याने केलं आहे त्यालाच माहीत. बादलीत चार मुठी घ्यायच्या, नळ सोडायचा, हात घालून ढवळायचं. दुधासारखं पाणी वर येतं, ते ओतायचं, परत नळ. सहाव्या-सातव्या पाण्याला वाटतं झालं. हात घालून बघावं तर परत दूध. हाताला वाळू गुळगुळीत लागली पाहिजे, मुठीत दाबली तर टोचता कामा नये. दीड दिवस लागला आणि बोटांची टोकं सुरकुतली. टाकीत तीन-चार सेंटिमीटरचा थर दिला, पाणी निवळलं, आणि दोघांना परत सोडलं.

पहिली काही मिनिटं दोघेही हलले नाहीत. मग एकाने तोंड खाली घातलं आणि थेट डोळ्यांपर्यंत वाळूत शिरला. तोंडात वाळू घेतली, आणि कल्ल्यांच्या फटीतून ती बाजूने धुरासारखी बाहेर पडली. परत घेतली, परत सोडली. वर्षभर माझ्याकडे राहिलेल्या माशाला त्याचं रोजचं काम करताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होतो. खड्यांवर ते करताच येत नव्हतं. दगड चाळणार कसे?

बुडापासून गेल्या नसतील तर मिशा परत येतात. त्या दोघांच्या आल्या, पुरत्या नाही, अर्ध्यामुर्ध्या. पण दोनच मासे ठेवणं हाही जुलूमच होता. कोरी कळपाने राहणारा जीव आहे. सहा हा निदान आकडा, दहा-बारा असतील तर वागणंच बदलतं. एका मित्राच्या मोठ्या टाकीत आठ ब्राँझ कोरी होते, त्यांच्यात हे दोघे नेऊन सोडले. महिन्याने भेटायला गेलो तर आपले कोणते हे मला ओळखता येईना. दहाही जण एका लाकडाखाली एकमेकांना खेटून पडले होते. मित्र म्हणाला, "आखूड मिशांचे बघ." मी खाली बसून बराच वेळ बघितलं. शेवटी दोन वेगळ्या जोड्यांवर बोट ठेवलं आणि दोन्ही वेळा त्याने मान हलवली.

या माशांचा मध्येच एकमेकांना मिशीने किंवा अंगाने ढोसण्याचा प्रकार आहे. सुरुवातीला मला ती दांडगाई वाटायची. ब्राँझ कोरींवर झालेल्या अभ्यासात दिसलं की कळप हलवायचा, सांभाळायचा, घाबरल्यावर एकत्र राहायचं, यात या ढोसण्याचा वाटा असतो. गढूळ पाण्यात शेजाऱ्याला नुसतं बघून काय होणार; हात लावून "चल" म्हणावं लागतं. तिघांपैकी एक गेल्यावर उरलेला एक जण फिल्टरच्या नळीला सारखा ढोसत बसायचा. मी तेव्हा तो नळीवरचं शेवाळ खातोय असं समजून कौतुकाने बघत होतो.

माझी टाकी दोन फुटी, साधारण चोपन्न लिटरची. तिच्यात मोठ्या कोरींचा पुरेसा कळप मावणार नाही, हे मान्य केलं आणि पिग्मीकडे वळलो. छोट्या कोरींत मुख्य तीन जाती. हॅब्रोसस, ओरिनोकोच्या खोऱ्यातला, अंगावर मीठमिरी शिंपडल्यासारखे तुटक डाग. हॅस्टाटस, शेपटीच्या बुडाशी पांढऱ्या चौकटीत काळा ठिपका. तसाच ठिपका असलेल्या छोट्या टेट्रांच्या थव्यात मिसळून तो पोहतो, ओळखू येत नाही. आणि पिग्मी, मदेइरा नदीच्या खोऱ्यातला, चंदेरी अंग आणि नाकापासून शेपटीपर्यंत काळी सरळ रेघ, पट्टीने आखल्यासारखी. पूर्ण वाढलेला नर दोन-सव्वादोन सेंटिमीटर, मादी थोडी मोठी आणि गोल. बारा आणले. पिशवीत ते मासे आहेत की कुणी पेन्सिलीचे तुकडे भरलेत, असा प्रश्न पडावा.

पिशवीवरून आठवलं. कोरीच्या पाठीच्या आणि छातीच्या पंखांना पुढे एकेक कडक काटा असतो. धोका वाटला की तो काटा उभा करून कुलूप लावल्यासारखा अडकवतो. मग गिळणाऱ्याच्या घशात तो त्रिशूळ होतो. जाळीत पकडलं तर हाच काटा जाळीच्या धाग्यात रुततो. एकदा असा एक अडकला तेव्हा मी घाईत जाळी उलटी करून झटकली. सुटला, पण पंख फाटून. नंतर शिकलो: जाळी पाण्यातच धरून ठेवायची, तो दमून काटा मिटेपर्यंत थांबायचं, नाहीतर त्या दोन धाग्यांना कात्री लावायची. जाळी नवी येते. आता तर मी जाळी वापरतच नाही. पारदर्शक डबा पाण्यात बुडवून त्यांना हळूच त्यात हाकलतो. काट्याच्या बुडाशी विषग्रंथीही असतात. माणसाला टोचला तर थोडा वेळ हुळहुळतं, एवढंच. पण लहान पिशवीत घाबरलेले कोरी आपल्याच स्रावाने आपलं पाणी बिघडवतात, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. म्हणून पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

तर बारा पिग्मी सोडले आणि पहिली गंमत ही झाली की तळमजल्यासाठी आणलेले हे भाडेकरू तळमजल्यावर राहीनात. पिग्मी मधल्या पाण्यात तरंगतात. छातीचे पंख इतक्या भरभर हलतात की दिसत नाहीत, आणि मासा एका जागी लटकलेला. मग एखाद्या अनुबियासच्या पानावर उतरणार, दोन क्षण बसणार, पुन्हा वर. वाळू चाळायला खाली येतात, पण आपल्या सवडीने. मी इतका खटाटोप करून वाळू धुतली होती, आणि ही मंडळी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत!

दुसरी गंमत माझ्या भित्रेपणाची. पहिल्याच संध्याकाळी एक पिग्मी बाणासारखा वर गेला, पृष्ठभागाला तोंड लावलं आणि तसाच खाली आला. पाच मिनिटांनी दुसरा. मी घाबरलो. पाण्यात ऑक्सिजन नाही, मासे गुदमरताहेत, म्हणून एअर पंप पूर्ण सोडला, अर्धी खोली घरघरायला लागली. ते आपले तरीही जातच होते. खरी गोष्ट अशी की कोरी हवाही घेतो. पृष्ठभागावरून घोट गिळतो, तो पोटातून पुढे आतड्यात जातो आणि आतड्याच्या मागच्या भागातल्या पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या अस्तरातून ऑक्सिजन रक्तात जातो. उरलेली हवा मागच्या दाराने बाहेर. आटत चाललेल्या, साचलेल्या पाण्यात जगायची ही सोय आहे. अधूनमधून एखाद्याने वर जाऊन येणं म्हणजे आपण काम करता करता खिडकीशी जाऊन यावं तसं. सगळेच्या सगळे सारखे वरखाली करायला लागले तर मात्र उठायचं आणि पाणी तपासायचं.

ती वेळही आली. तिचं कारण गोळी. तळाला जाणाऱ्या खाद्याच्या गोळ्या मिळतात, नखाएवढ्या. ब्राँझ कोरी तीवर तुटून पडतात, तास-दोन तासांत फस्त. पिग्मीचं तोंड टाचणीच्या डोक्याएवढं. त्याच्यापुढे अख्खी गोळी टाकणं म्हणजे दारात शिळा आणून ठेवणं. मी रोज रात्री एक टाकत होतो. सकाळी दिसायची नाही, म्हणजे खाल्ली, असं मानत होतो. गोळ्या लाकडामागे घरंगळून साचत होत्या. एका सकाळी सगळी टाकी वरखाली. टेस्ट किटच्या नळीतला पिवळा राहायला हवा तो रंग हिरवा झाला: अमोनिया. लाकूड उचललं तर खाली पांढऱ्या बुरशीचा लगदा, आणि वास असा की मुलीने खोलीचं दार बाहेरून लावून घेतलं. निम्मं पाणी बदललं, संध्याकाळी पुन्हा पाव. दोन मासे गेले.

अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि वाळूत राहतात, टाकी त्यांच्या जिवावर चालते, हे मला पाठ होतं. चार लोकांना समजावूनही सांगितलं होतं. पण त्या जिवाणूंनाही झेपेल एवढंच काम द्यायला हवं होतं. आता गोळी चिमटीत चुरून टाकतो. खरं सांगायचं तर त्यांना गोळीपेक्षा गोठवलेले डॅफ्निया हे बारीक पाणजीव आणि ब्राइन श्रिम्प या चिमुकल्या कोळंबीची पिल्लं जास्त आवडतात. चमच्यात वितळवून ड्रॉपरने वाळूजवळ सोडली की तो गुलाबी ढग पसरतो आणि दहाच्या दहा रेघा त्यात घुसतात. दिवे मालवल्यावर अर्ध्या तासाने घालतो, म्हणजे वरचे टेट्रा हावरटपणा करायला जागे नसतात.

रात्री टॉर्चवर लाल कागद लावून बघायची सवय त्यातूनच लागली. पिग्मी झोपताना, किंवा आपण ज्याला झोप म्हणतो ते करताना, पानांवर बसतात. रुंद पानावर दोन-तीन, एकाच दिशेला तोंड करून. काळी रेघ रात्री फिकी पडते. एकदा मुलगीही उठून आली. आम्ही दोघं पालथे पडून बघत होतो. तेवढ्यात ती कुजबुजली, "बाबा, त्याने मला डोळा मारला!" माशाला पापणी नसते हे मला ठाऊक होतं, म्हणून मी हसलो. ती म्हणाली थांब. थांबलो. पाचेक मिनिटांनी त्याने मलाही मारला. कोरी डोळ्याचं बुबुळ झटकन खाली फिरवतो आणि परत आणतो; बाहेरून अगदी मिचकावल्यासारखं दिसतं. कशासाठी, याची चर्चा शास्त्रज्ञांवर सोडली. घरात मात्र त्या माशाचं नाव तेव्हापासून 'चावट' आहे. खरं तर दहापैकी जो कोणी डोळा मारेल तो चावट.

नावांचं या माशांच्या बाबतीत जरा जास्तच आहे. लासेपेद या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८०३ मध्ये कोरीडोरास हे नाव दिलं. ग्रीकमधलं शिरस्त्राण आणि कातडं, दोन्ही मिळून. ते शोभतंही. या माशाला खवले नसतात; दोन्ही बाजूंना हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी, कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या. डार्विनने बीगल जहाजावरच्या सफरीत गोळा केलेल्या माशांत एक कोरी होता, आज ज्याला पेपर्ड कोरी म्हणतात तो. इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ जेनिन्सने १८४२ मध्ये त्याचं वर्णन छापलं. पिग्मीचं वर्णन व्हायला १९६६ उजाडलं. आणि आम्ही सगळे 'कोरी, कोरी' म्हणत असताना २०२४ मध्ये संशोधकांनी हा अवाढव्य वंश, म्हणजे जातींचा गट, फोडून अनेक वंशांत वाटला. माझे पिग्मी आता कागदोपत्री कोरीडोरास राहिलेले नाहीत, गॅस्ट्रोडर्मस झालेत. ब्राँझवाले ऑस्टिओगॅस्टर. त्या वाटणीमागची कारणं पटतात. जनुकं, दात, हाडं पाहून केलेलं काम आहे. पण टाकीसमोर पालथं पडून "गॅस्ट्रोडर्मसने डोळा मारला" असं कोणी म्हणणार नाही. 'कोरी' राहील. बोलीत पक्कं बसलेलं नाव शास्त्राच्या कागदाने हलत नाही.

अंडी घातली ती माझ्या काही कर्तृत्वाने नाही. बाहेर दोन दिवस धो धो पाऊस, मी पाणी बदललं ते नेहमीपेक्षा दोन-तीन अंश थंड पडलं. त्यांच्या मूळ नद्यांत पावसाचं गार पाणी आलं की विणीचा हंगाम येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीत धावपळ. गोल पोटाची एक मादी काचेवरून वरखाली करतेय आणि तिच्यामागे तीन-चार नर, तिच्या डोक्यावर, पाठीवर मिशा फिरवत. मग एक नर तिच्यासमोर आडवा झाला आणि तिने तोंड त्याच्या पोटाला लावलं. इंग्रजी टी अक्षरासारखी आकृती. दोघे तसेच थरथरत काही सेकंद.

ब्राँझ कोरीमध्ये या टीचं काय होतं ते १९९५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिलं, आणि ते वाचल्यावर मी दोनदा वाचलं. मादी नराचे शुक्राणू पिते. ते तिच्या आतड्यातून अतिशय वेगात जाऊन मागून बाहेर पडतात, आणि त्याच वेळी तिने पोटाखालच्या पंखांची ओंजळ करून त्यात अंडी धरलेली असतात. हवेचा घोट जातो त्याच वाटेने. एकाच आतड्याकडून जेवण, श्वास आणि बाळंतपण करून घेणाऱ्या या जीवापुढे माझं पोट म्हणजे निव्वळ गोदाम. ओंजळीतलं अंडं घेऊन मादी मग काचेवर किंवा पानावर जागा शोधते, तोंडाने ती साफ करते, अंडं चिकटवते. ब्राँझची मादी काही अंडी एकदम ओंजळीत धरते. माझी पिग्मी एकेकच ठेवत होती. एक ठेवून निघाली, दुसऱ्या पानावर गेली, तिथे नाही पटलं, परत काचेवर. मोहरीपेक्षा लहान, दुधी मोती. दुपारपर्यंत मी बावीस मोजली. टेट्रांनी त्यातली चार खाल्ली.

उरलेली अंडी बोटाने गोळा केली. ताजी असताना हात लावला तर फुटतात. काही तासांनी वरचं कवच कडक होतं, तेव्हा बोटाच्या पोटाने हळूच गोल फिरवली की सुटतात आणि बोटालाच चिकटून येतात. टाकीचंच पाणी घातलेला डबा, त्यात हवेचे सावकाश बुडबुडे, बुरशीसाठी मिथिलीन ब्लूचा थेंब. तरी तिसऱ्या दिवशी काहींवर कापूस फुलला. ती काढली नाहीत तर शेजारच्या अंड्यांनाही ग्रासतात. चौथ्या दिवशी सकाळी डब्याच्या तळाशी केसाचे तुकडे हलत होते.

पिल्लांचं सविस्तर सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं मी फारसं केलं नाही आणि जे केलं ते चुकलं. दोन दिवस ती अंगावरच्या पिवळ्या पिशवीवर जगतात. मग दर चार-पाच तासांनी बारीक खाणं आणि त्यानंतर तितकंच नेमाने तळ पुसणं. मी मायक्रोवर्म नावाचे बारीक किडे भरपूर घातले आणि पुसण्यात आळस केला. अकरांपैकी तीन वाढली. घाणीचा धडा दुसऱ्यांदा मिळाला आणि तो मला पहिल्याइतकाच नवा वाटला.

पण एक पिल्लू मी वाढवलेलंच नाही. जावा मॉस या पाणवनस्पतीच्या गुंत्यात एखादं अंडं राहून गेलं असणार. दीड महिन्याने दिव्याखाली मोजत बसलो होतो. पिग्मी मोजणं म्हणजे सततची हार. आठ होतात, मग अकरा, मग नऊ. त्या दिवशी मुलीने आणि मी वेगवेगळे मोजून दोघांचे अकरा आले. असायला हवे होते दहा. तीन पिल्लं तेव्हा वेगळ्या टाकीत होती. अकरावा जेमतेम एक सेंटिमीटरचा, पण पट्टी पूर्ण आखलेली, आणि कळपात सगळ्यात मागे. मी नेमाने भरवलेली मेली आणि ज्याचा मला पत्ता नव्हता तो मॉसमधले सूक्ष्मजीव खाऊन मोठा झाला. ही गोष्ट मित्राला सांगितली तर तो म्हणाला, "तू आपला लांबच राहा त्यांच्यापासून."

तसा लांब राहत नाहीच. दर रविवारी सायफन घेऊन बसतो. वाळूत नळी खुपसायची नाही, बोटभर वर धरून गोल फिरवायची. घाण हलकी असते, ती उडून नळीत जाते, वाळू खाली बसते. इतर मासे हात आत गेला की कोपऱ्यात पळतात. पिग्मी पहिल्या मिनिटाला पळतात आणि दुसऱ्या मिनिटाला परत येतात. वाळू उकरली गेली, म्हणजे खालचं काहीतरी वर आलं असणार, एवढं त्यांना समजतं. नळी पुढे सरकते तशी त्यांची रांग मागे. चाळायचं, कल्ल्यातून सोडायचं, पुढे. मी दमून हात थांबवला तर एखादा मनगटाशी येऊन ढोसतो.

एकदा या नादात त्या मॉसमधल्या छोट्याला नळीने ओढलं. बादलीतल्या गढूळ पाण्यात तो सापडेपर्यंत माझा घसा सुकला होता; त्याला काहीही झालेलं नव्हतं, बादलीच्या तळाशी बसून तो तिथली घाण चाळत होता. तेव्हापासून नळीच्या तोंडाला जाळीचा तुकडा बांधतो, आणि तरीही बादली ओतण्याआधी तिच्यात टॉर्च मारून पाहतो. मुलगी आता अकरा वर्षांची आहे, तिला हे हास्यास्पद वाटतं. आज पाहिलं तेव्हा आत एक गोगलगाय होती आणि अनुबियासचं पिवळं पान. पान टाकून दिलं. गोगलगाय चमच्याने उचलून परत काचेवर लावली.